विश्लेषण : गेम 'वाचता' येतो का? लिटआरपीजी कादंबऱ्या व्हिडीओ गेमला पर्याय ठरू शकतात का?

परीक्षा तोंडावर आली की घराघरांत मोबाइल काढून घेतला जातो, लॅपटॉपचा पासवर्ड बदलला जातो. गेम थांबतो, गेमची ओढ थांबत नाही. हीच ओढ पुस्तकाच्या पानांवर भागवणारा एक साहित्यप्रकार गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर वाढला आहे. त्यात नायकाची लेव्हल वाढते, त्याला नवी तलवार मिळते, भुयाराच्या टोकाला राक्षस भेटतो. फक्त वाचणाऱ्याच्या हातात कंट्रोलर नसतो. हा प्रकार काय आहे, तो आला कुठून आणि खरोखरच खेळाची जागा घेऊ शकतो का?

विषय आताच का?

माझ्यापुरते कारण घरगुती आहे. कोल्हापूरच्या मावशीचा मध्यंतरी फोन आला. "अगं, तू इंजिनीअर ना? मग याच्या मोबाइलमधला तो गेम कायमचा बंद कसा करायचा, तेवढं सांग." 'हा' म्हणजे नववीतला माझा मावसभाऊ. गेम काढून टाकायला एक मिनिट लागते आणि पुन्हा डाउनलोड करायला पाच, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर रात्री अकरा ते पहाटे तीन आम्ही चौघी मोबाइलवर बॅटल रॉयल खेळत असू. त्या सेमिस्टरला मला एका विषयात केटी लागली. दोष गेमवर ढकलून मोकळे होता येते, पण त्या वेळी तितके गुंतवून ठेवणारे दुसरे काही हाताशी नव्हते, हेही खरे. नोकरी लागल्यावर लोकलच्या गर्दीत दोन्ही हात दांडीला अडकलेले असताना कानाला एक ऑडिओबुक लावले, तेव्हा या कादंबऱ्यांची ओळख झाली. म्हणून मावशीला 'बंद कसा करायचा' याऐवजी 'त्याच्या जागी काय' हे सांगावेसे वाटले.

लिटआरपीजी म्हणजे काय?

'लिटरेचर' आणि 'रोल-प्लेइंग गेम' यांचा हा जोडशब्द. तो २०१३च्या सुमारास रशियात रूढ झाला आणि तिथून इंग्रजीत आला. या कथांचा एकच पक्का नियम आहे : गेमचे नियम आणि आकडे त्या जगात खरे असतात आणि पात्रांना ते दिसतात. साध्या अद्भुतकथेत 'तो आता पूर्वीपेक्षा बलवान झाला होता' असे लेखक सांगतो. इथे नायकाच्या डोळ्यांसमोर चौकट उघडते : शक्ती १२, चपळाई ९, नवे कौशल्य : कुलूप उघडणे. आकड्यांशिवाय पण अशाच पायरीपायरीने वाढणाऱ्या नायकाच्या कथांना 'प्रोग्रेशन फँटसी' म्हणतात. दोन्हींचे वाचक बरेचसे तेच.

सध्या या प्रकारातले सर्वाधिक चर्चेतले नाव म्हणजे अमेरिकी लेखक मॅट डिनिमन यांची 'डंजन क्रॉलर कार्ल' ही मालिका. २०२० मध्ये त्यांनी पहिला भाग स्वतःच प्रकाशित केला. २०२४ मध्ये पेंग्विन रँडम हाउसच्या 'एस' या छापाखाली तो पुठ्ठा बांधणीत दुकानांत आला. कथा अशी : कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री, कार्ल नावाचा माणूस जुन्या मैत्रिणीची मांजर पकडायला जवळजवळ झोपेच्या कपड्यांतच घराबाहेर पडतो आणि त्याच क्षणी पृथ्वीवरच्या छप्पर असलेल्या सगळ्या वास्तू जमीनदोस्त होतात. परग्रहावरच्या कंपनीने पृथ्वीचे १८ मजली भुयार केलेले असते. जगायचे तर त्यात उतरायचे, प्रत्येक मजल्याची वेळ संपण्याआधी खाली जाणारा जिना शोधायचा. हे सगळे आकाशगंगेत रिअ‍ॅलिटी शो म्हणून दाखवले जाते. मांजर एक बिस्कीट खाऊन बोलू लागते आणि कार्लपेक्षा जास्त लोकप्रिय होते.

ऐकायला हा पोरखेळ वाटतो, तसा तो बराच आहेही. पण तीन-चारशे पानांनंतर लक्षात येते की गंमत आकड्यांची नाही. राक्षस मारला की बक्षिसाची पेटी मिळते, ती पेटी उघडताना नायकाला आनंद होतो, आणि आपल्याला आनंद व्हावा म्हणूनच ती पेटी कुणीतरी बनवली आहे हेही त्याला कळत असते. रोज लॉगिन करून 'रिवॉर्ड' गोळा केलेल्या कुणालाही ही जाणीव ओळखीची वाटेल. गेममध्ये असताना ती होत नाही, वाचताना होते.

दुसरे उदाहरण आपल्याकडच्या मुलांना अधिक परिचित आहे. 'सोलो लेव्हलिंग' ही चुगाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोरियन लेखकाची वेब-कादंबरी २०१६ मध्ये सुरू झाली, २०१८ पासून तिची चित्रमालिका आली आणि जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅनिमे. अनेकांना ती मूळ कादंबरी आहे हेच माहीत नसते. सर्वांत दुबळा शिकारी सुंग जिनवू याला एक अदृश्य 'सिस्टीम' रोजचे काम देते : १०० जोर, १०० सिटअप्स, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणे. चुकवले तर शिक्षा म्हणून महाकाय गोमींच्या वाळवंटात रवानगी. आपल्या तालमीतल्या वस्तादांना ही पद्धत फारशी नवी वाटणार नाही.

आधी खेळ की आधी पुस्तक?

हा गुंता मजेशीर आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि एकमेकांना गोष्ट सांगत खेळायचा खेळ आणला. लेव्हल, एक्सपीरियन्स पॉइंट, हिट पॉइंट हे आजच्या व्हिडीओ गेममधले शब्द त्यातूनच घरोघरी पोहोचले. पण हा खेळ स्वतः पुस्तकांतून जन्मला होता. १९७९च्या मार्गदर्शिकेत गायगॅक्स यांनी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादीच परिशिष्टात दिली.

मग प्रवास उलटा सुरू झाला. १९७८ मध्ये आंद्रे नॉर्टन यांनी या खेळावर बेतलेली 'क्वाग कीप' लिहिली. १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेची पहिली कादंबरी आली, ती खेळाच्या साहसांसोबतच. खेळणारे वाचू लागले आणि वाचणारे खेळू लागले. जपानमध्ये १९८६ पासून एका संगणकविषयक मासिकात खेळाच्या बैठकींचे जवळजवळ जसेच्या तसे वृत्तांत छापले जात. त्यातून र्यो मिझुनो यांची 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही कादंबरी-मालिका तयार झाली. क्रिकेट सामन्याच्या धावत्या वर्णनातून कादंबरी व्हावी, तसा हा प्रकार. पुढे ऑनलाइन गेमचा काळ आला आणि रेकी कावाहारा यांनी २००२ पासून इंटरनेटवर 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' लिहायला घेतली : १० हजार खेळाडू आभासी गेममध्ये अडकतात, लॉगआउटचे बटण गायब असते आणि १०० मजले सर केल्याशिवाय सुटका नसते. २००९ मध्ये ती पुस्तकरूपात आली. आजच्या बहुतेक लिटआरपीजी कादंबऱ्यांवर या कल्पनेची सावली आहे.

मात्र 'मजल्यामजल्याने सर करायचे मायावी ठिकाण' ही कल्पना केवळ परदेशी समजू नये. देवकीनंदन खत्री यांची हिंदी 'चंद्रकांता' १८८८ची. त्यातला तिलिस्म म्हणजे काय? सापळे, यंत्रे, गुप्त दारे, आत दडवलेला खजिना, आणि तो तोडण्याची रीत लिहिलेला एक ग्रंथ. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या आई-बाबांना 'डंजन' समजावून सांगायचे असेल तर एवढा एक शब्द पुरतो.

खेळातले काय पानावर उतरते आणि काय नाही?

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात माणसे गेमकडे का ओढली जातात याचा शोध घेतला होता. त्यांच्या मांडणीनुसार गेम तीन गरजा भागवतो : मला जमते आहे ही जाणीव, निर्णय माझा आहे ही जाणीव आणि सोबत कुणीतरी आहे ही जाणीव.

पहिली गरज कादंबरी उसनी का होईना, भागवते. आकडे असल्यामुळे वाचक नुसता बघ्या राहत नाही. नायकाला पाच गुण वाटून घ्यायचे असतील तर ते शक्तीत टाकावेत की चपळाईत, हा हिशेब आपण त्याच्या आधी करून ठेवतो. तो चुकला तर चिडतो. साध्या कादंबरीत नायकाला अचानक नवी शक्ती सापडली तर लेखकाने हात मारला असे वाटते. इथे नियम आधीच सांगितलेले असल्याने लेखकालाही पळवाट कमी असते. चांगली लिटआरपीजी कादंबरी वाचणे हे गणिताचे उदाहरण दुसऱ्याने सोडवताना बघण्यासारखे आहे, आपणही मनात आकडेमोड करत असतो. वाईट कादंबरी म्हणजे दुसऱ्याचे बँक पासबुक वाचणे. तीन-तीन पाने नुसत्या आकड्यांच्या चौकटी असणारी पुस्तके या प्रकारात भरपूर आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

सोबतीची गरज वेगळ्या रीतीने भागते. रात्री दोनला हेडफोनमधून ओरडणारे मित्र पुस्तकात नाहीत. पण चौघांच्या टोळीची गोष्ट, त्यातला एक कायम उशिरा येणारा, एक लुटीवर डोळा ठेवणारा, ही मंडळी सात-आठ भाग सोबत राहिली की ओळखीची होतात.

दुसरी गरज, निर्णयाची, मात्र भागत नाही. इथे पुस्तक हरते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. गेममध्ये डावीकडच्या दारातून मी गेले म्हणून मी मेले. कादंबरीत कार्ल ज्या दारातून जाईल त्या दारातूनच मला जावे लागते. ज्याला खेळण्यात फक्त नेम, वेग आणि जिंकणे एवढेच आवडते, त्याला या कादंबऱ्या देऊन काही उपयोग होणार नाही. त्याला बॅडमिंटनची रॅकेट द्यावी. ज्याला गेममधले जग, नकाशा, हळूहळू वाढत जाणे आवडते, त्याच्यासाठी हा पर्याय आहे.

बदल्यात पुस्तक एक गोष्ट देते, जी आजचे बहुतेक ऑनलाइन गेम देत नाहीत : शेवट. बॅटल रॉयलचा प्रत्येक सामना वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, खेळ संपत नाही. नवा सीझन, नवा पास, चोवीस तासांत न घेतल्यास वाया जाणारे बक्षीस. अ‍ॅप बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये 'आज आलेला वापरकर्ता उद्या परत आला का, आठवड्याने आला का' हा आकडा रोज पाहिला जातो, आणि त्या आकड्यासाठीच हे सगळे रचलेले असते. कपाटातल्या कादंबरीला आपण परत आलो की नाही हे कळत नाही. प्रकरण संपले की पुस्तक मिटता येते, आणि मिटले म्हणून आपली टोळी हरत नाही.

सगळ्याच मालिका संपतात का?

नाही, आणि पर्याय शोधणाऱ्याने इथेच सावध राहायला हवे. लिटआरपीजीचा मोठा भाग आधी इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने येतो. त्याचे सर्वांत मोठे इंग्रजी ठिकाण 'रॉयल रोड'. हे नावही एका कोरियन कादंबरीतल्या काल्पनिक गेमचे आहे. तिथे रोज किंवा आठवड्यातून काही दिवस नवे प्रकरण पडते, पुढची प्रकरणे आधी हवी असतील तर लेखकाला महिन्याला पैसे द्यायचे. काही कोरियन आणि चिनी कादंबऱ्यांच्या अ‍ॅपवर तर एकेक प्रकरण नाणी खर्चून उघडावे लागते. किंडलच्या अमर्याद वाचन योजनेत लेखकाला २०१५ पासून वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने मोबदला मिळतो. पाने जितकी जास्त तितके लेखकाचे भले. या प्रकारातल्या कादंबऱ्या इतक्या जाडजूड आणि मालिका इतक्या लांब का, याचे अर्धे उत्तर या हिशेबात आहे.

मी स्वतः अशा एका मालिकेत अडकले होते. रोज सकाळी चहाच्या आधी नवे प्रकरण पडले का बघायचे, नसेल तर दिवसभर चुटपुट. हॉस्टेलमधल्या मोबाइलपेक्षा हे वेगळे कसे, असे एका रविवारी वाटले आणि ती सोडली. म्हणून माझा साधा निकष : पूर्ण झालेली किंवा निदान प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट असलेली मालिका घ्यावी, शक्यतो छापील. 'सोलो लेव्हलिंग'ची मूळ कादंबरी पूर्ण आहे. 'डंजन क्रॉलर कार्ल' मालिका अजून सुरू आहे, पण मजला संपतो तिथे थांबता येते.

आवडत्या गेमच्या जगातली पुस्तके?

'द विचर' खेळलेल्यांसाठी ही सर्वांत सोपी वाट आहे, फक्त इथे पुस्तक आधीचे. पोलिश लेखक आंद्रे सापकोव्स्की यांची पहिली विचर कथा १९८६ मध्ये 'फँटास्टिका' मासिकात आली, गेम २००७ मध्ये. सापकोव्स्की यांनी गेमचे हक्क एकरकमी पैशांत दिले होते. गेम प्रचंड खपल्यावर २०१८ मध्ये त्यांनी जादा मोबदला मागितला आणि २०१९ मध्ये कंपनीशी नवा करार झाला. वाचायला सुरुवात 'द लास्ट विश' या कथासंग्रहापासून करावी. त्यातल्या राक्षसांपेक्षा माणसांची भीती जास्त वाटते.

'वॉरक्राफ्ट'च्या बाबतीत याहून गमतीची गोष्ट घडली. त्या जगावरचा एक साहस-गेम १९९८ मध्ये पूर्ण होत आला असताना रद्द झाला. त्याची कथा क्रिस्टी गोल्डन यांनी 'लॉर्ड ऑफ द क्लॅन्स' या २००१च्या कादंबरीत लिहिली. म्हणजे तो गेम अधिकृतपणे कुणालाच खेळायला मिळाला नाही, वाचायला मात्र मिळाला.

मराठीत काय आहे?

गेमच्या नियमांवर चालणारी मराठी कादंबरी माझ्या पाहण्यात आलेली नाही. मात्र या सगळ्याचे मूळ असलेले टॉल्किन मराठीत आहेत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने उपलब्ध आहे. इंग्रजी वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला तिथून सुरुवात करता येईल. जुन्यांपैकी नाथमाधवांची 'वीरधवल' आजही भरभर वाचली जाते. त्यात लेव्हल नाहीत, पण तळघरे आणि कटकारस्थाने मुबलक आहेत.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

वय. 'डंजन क्रॉलर कार्ल' विनोदी असली तरी ती मोठ्यांची कादंबरी आहे. हिंसा आणि शिवराळपणा दोन्ही भरपूर. 'विचर'ही तसेच. नववीतल्या मुलाच्या हाती देण्याआधी आपण चाळावे.

आणि पुस्तक हा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे; ती साधारणपणे वर्षभर टिकून असावी लागतात. सुट्टीत चार तास खेळणारे प्रत्येक मूल यात बसत नाही. पण शाळा, झोप, जेवण सुटत असेल तर कादंबरी विकत आणण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र 'शट' क्लिनिक आहे.

सुरुवात कुठून करावी?

मावसभावासाठी मी कादंबरी निवडलीच नाही. निर्णय आपल्या हातात हवा ही त्याची मुख्य अट होती, आणि ती पूर्ण करणारा प्रकार १९८२ पासून आहे. ब्रिटनच्या स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे 'फायटिंग फँटसी' मालिकेतले पहिले पुस्तक. (यातले लिव्हिंगस्टन पुढे 'टूम रेडर' काढणाऱ्या आयडॉस कंपनीत वरिष्ठ पदावर होते, म्हणजे कागद आणि पडदा ही भांडणारी घराणी नव्हेतच.) पुस्तकात ४०० क्रमांकित परिच्छेद आहेत. नायक 'तू' आहेस. दार उघडायचे तर अमुक क्रमांकावर जा, पुढे चालायचे तर तमुक. सोबत दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर लागतो. एक फासा टाकून त्यात ६ मिळवायचे, ते तुझे कौशल्य. दोन फासे टाकून १२ मिळवायचे, तो तुझा दम. पुन्हा एक फासा अधिक ६, ते नशीब. लढाई आली की दोघांसाठी फासे टाकायचे, हरणाऱ्याचा दम दोनने कमी. दम संपला की मेलास, पुन्हा पहिल्या परिच्छेदावर.

इंग्रजी सोपे आहे, परिच्छेद आठ-दहा ओळींचे. जुन्या प्रती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. फासे मावशीच्या घरातल्या सापशिडीच्या डब्यातून निघाले. पहिल्या संध्याकाळी तो चार वेळा मेला. पाचव्या वेळी मागच्या पानात बोट ठेवून पुढचे पान डोकावून पाहू लागला, जे सगळेच करतात. "ताई, हे चीटिंग धरायचं का?" असा मेसेज आला. मी धरायचे नाही म्हणून सांगितले. मोबाइल अजून त्याच्याकडे आहे आणि शनिवारी रात्री तो गेमही खेळतो. पुस्तकाच्या शेवटाकडे झागोरचा चक्रव्यूह लागतो, तिथे नकाशा काढल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. भावाने तो भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर काढायला घेतला आहे आणि आतापर्यंत तीनदा खोडला आहे.